उलटीला रकाना नाही

डोळे मिटा बघू. आता अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. दवाखान्यातल्या लांब बाकावर बसला आहात, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय. जमलं? मग तुम्ही आता भिंगरी झालात.

घरभर गरगर फिरायची म्हणून ती भिंगरी. गेले चार दिवस मात्र ती फिरतच नव्हती. ताट समोर आलं की तोंड वळवायची, सकाळी उलटी, वर्गात डुलक्या. आकडीचं औषध सुरू होऊन चार महिने झाले होते आणि त्यानंतर एकही आकडी आली नव्हती. तिचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. चार महिन्यांतल्या या शून्यावर ते इतके खूश होते, की बाकी सगळं त्यांना नखरे वाटायचं.

आत्या म्हणाली होती, "बंद करून टाका ते औषध!"

"मुळीच नाही," भिंगरी म्हणाली. "मनाने बंद केलं तर मोठी आकडी येऊ शकते. डॉक्टरांनी मला सांगितलंय, तुला नाही."

आज तपासणीचा दिवस होता. खिडकीतल्या सिस्टरांनी छापील कागद पुढे ओढला.

"आकड्या किती?"

"शून्य!" बाबा असे म्हणाले, जणू लेक शर्यत जिंकून आली होती.

"गोळी चुकली?"

"एकदाही नाही."

"छान. तेच औषध चालू. तीन महिन्यांनी या. पुढचे!"

तिथे असंच चालायचं. शून्य असलं, की शिक्का मारून घरी. डॉक्टरांची भेट फक्त आकडी आलेल्यांना.

भिंगरी बाकावरून उतरली आणि तिने खिडकीची कड घट्ट धरली.

"माझी उलटी कुठे लिहिली?"

"त्याला इथे रकाना नाही गं."

"मग आखा."

"भिंगरे, चल," बाबा पुटपुटले. "लोक बघतायत."

"बघू देत. चार दिवस भूक नाही, उलट्या होतायत, सारखी झोप येतेय. असं झालं तर लगेच या, लिव्हर तपासावं लागेल, असं डॉक्टरच म्हणाले होते. लगेच म्हणजे तीन महिने का?"

रांगेतून कुणीतरी हसलं, "पोरगी वकील होणार!"

"आधी जेवता तर येऊ दे मला," भिंगरी म्हणाली, आणि हलली नाही.

लिव्हर म्हणजे यकृत, बाळांनो. उजव्या बरगड्यांखाली असतं. आपण घेतलेली बरीचशी औषधं त्याच्या हातून जातात. बहुतेक मुलांचं यकृत हे काम बिनतक्रार करतं. क्वचित एखाद्याचं थकतं. थकलं तरी ते आरडाओरडा करत नाही, नुसती भूक घालवतं. म्हणून ओरडायचं काम आपल्याला करावं लागतं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, बरगडीखाली हलकेच दाबलं. भिंगरी कळवळली. लगेच रक्त घेतलं गेलं. दोन तासांनी अहवाल हातात आला, तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"आज घरी जायचं नाही. हे औषध थांबवू, दुसरं सुरू करू, पण इथेच, आमच्या डोळ्यांसमोर. यकृत दुखावलंय. वेळेत कळलंय, सावरेल असं वाटतं."

बाबा म्हणाले, "मी नखरे म्हणत होतो हिला."

"चार दिवस म्हणत होतात," भिंगरी म्हणाली. तिने तेवढं मात्र सोडलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "खाट तयार होईपर्यंत गप्प बसायचं हं आता."

भिंगरी भिंतीला धरत धरत उठली. बाकाच्या टोकाला आकडीच्याच तपासणीला आलेला एक लहानगा आईच्या मांडीवर बसला होता. ती त्याच्यासमोर वाकली आणि विचारलं, "तुला भूक लागते का रे? उलटी होते?" भुकेला त्याने मान डोलावली, उलटीला नाही म्हटलं. मग ती बाकावरच्या दुसऱ्या मुलाकडे गेली, मग तिसऱ्याकडे.