टाचणीकाकांची मुंगी

“काका, आधी बसा, मग बघा,” मुंग्यांवर संशोधन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची त्यांनी स्वतः मागे ओढली.

संग्रहालयात मेलेल्या मुंग्या अभ्यासासाठी टाचणीवर चढवून जपण्यात काकांची छत्तीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. मुंगीचा पायसुद्धा मोडू न देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. बाकी आयुष्यात फुशारकी मारावी असं फारसं काही नव्हतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते.

“ही मुंगी जुन्या पेटीत सापडली. डोकं एका गटातलं वाटतं, कंबर भलत्याच गटातली. नुसती नवी जात नाही काका, अख्खा नवा गटच आहे. दोन वर्षं हिच्यापायी धड झोप नाही मला. लेख उद्या छापायला जातोय. आणि नाव तुमच्यावरून ठेवलंय.”

काकांना हसू आवरेना. आपल्या नावाची मुंगी! घरी जाऊन सांगायला आता कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

मानेपाशी डिंकाचा पिवळट ठिपका होता. एवढासाच, पण माणूस स्वतःचं काम ओळखतो. मग त्यांनी टाचणीखालच्या चिठ्ठीवरची तारीख वाचली.

काकांची मुलगी वारली त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. घर खायला उठत होतं म्हणून ते कामावर आले होते. त्या दिवशी त्यांच्या हातून एकदम दोन मुंग्या मोडल्या. डोळ्यांना धार लागलेली. कुठलं डोकं कुणाचं हे बघायचं भान कुठलं? हाताला आलं ते चिकटवलं, उरलेलं केरात टाकलं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? क्षणभर त्यांना मोह झाला, आणि त्या मोहाची शरम वाटली.

“मॅडम, लेख पाठवू नका. ही एक मुंगी नाही. मी जोडलीय.”

मॅडमनी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमच्या हातून? कसं झालं, काका?”

“लक्ष नव्हतं त्या दिवशी. कोमट पाण्यात सोडा, डोकं सुटेल.”

दहा मिनिटांत डोकं सुटलं. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. काकांनी ते न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी एका टाचणीवर डोकं चढवलं, दुसरीवर धड. दोन्ही मुंग्या अगदी साध्या, कुठल्याही भिंतीवर दिसणाऱ्या.

चूक सापडली की ती कोणाची, हे टाचणीखाली लिहून ठेवायची तिथली रीत होती. काकांनी नखाएवढी चिठ्ठी कापली. ‘चुकीची जोडणी’ असं बारीक अक्षरात लिहिलं, खाली आपलं पूर्ण नाव घातलं, आणि शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले.