चारी चाकांना तेल

माझी गाडी पळायची झकास, थांबायची मात्र तिच्या मर्जीनं. हसायचं तर हसा, सगळं अवसरी बुद्रुक हसून झालंय. भंगारातल्या फियाटचं इंजिन, मोडक्या जीपचे दोन्ही अ‍ॅक्सल आणि माझ्या हातचा पत्रा, अशी ती गाडी पाच वर्षं आमच्या अंगणात तयार होत होती. विहिरीवरचे पंप दुरुस्त करणाऱ्यानं मोटार बांधायला घेतली, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं लोक म्हणायचे. माझी एकुलती एक मुलगी उज्ज्वला, आमची उजी, तेवढी पाना हातात घेऊन शेजारी उभी असायची.

ब्रेकचं काम दोन माणसांचं. नळीत हवा राहिली की पेडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली जातं. ती हवा काढायची तर एकानं वर बसून पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं चाकामागे आडवं पडून हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, ढिला करायचा. मी खालून ओरडायचो, “दाब, दाब, दाब... धर!” उजी पाय रोवून धरायची. मी निपल ढिला करायचो, बुडबुडे बाटलीत जायचे. निपल आवळून मी “सोड” म्हणालो की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. उजीनं एकदाही आधी उचलला नाही.

सत्त्याण्णवच्या वैशाखात तिचं लग्न झालं. सासर ओझरचं, देवळाच्या वाटेवर नारळ-पेढ्यांचं दुकान. माणसं चांगली आहेत. नाव ठेवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच खुपायचं. चतुर्थी आली की गर्दी, सुट्टी लागली की गर्दी. दीड वर्षात पोरगी दोनदा आली, तीही मुक्कामाला एकेक रात्र.

तिच्यामागं ब्रेक तसेच राहिले. बायकोला, भागूला, पेडलवर बसवलं तर “दूध उतू जाईल” म्हणत ती मधेच उठून गेली. शेजारच्या बहिरूला बसवलं तर तो “धर” म्हटल्यावर सोडायचा. मी दोघांवर खेकसलो. त्यांचा काय दोष? मला नुसता पाय नको होता, उजीचा पाय हवा होता. गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या बाजूला बघणंच सोडून दिलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत ती आली, चांगली तीन रात्रींसाठी. भाऊबीजेला सकाळी परत जायचं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा प्यायली नाही, आधी ताडपत्री ओढली.

“दादा, हवा काढायची राह्यलीय ना? चला.”

पदर खोचून चढलीच सीटवर. दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. भागू फराळाची ताटं घेऊन मागं मागं फिरत होती. चाकांतली रबरं बदलली, नळ्या बदलल्या. लायनरचा, म्हणजे चाक अडवणाऱ्या पट्ट्यांचा, नवा संच मी आणून ठेवला होता, पण जुने बघून उजी म्हणाली, “अजून वरीसभर चालत्यात, नवं राहू द्या फळीवर.” मग हवा काढली. “दाब, दाब, दाब... धर!” चाकाखाली पडल्या पडल्या माझे डोळे भरून आले. ब्रेक ऑइल उडालं म्हणून सांगायची सोय होती.

पाडव्याला ओढ्याच्या उतारावर गाडी नेली. पाय ठेवला की जागच्या जागी उभी! त्या संध्याकाळी उजीनं मला ओवाळलं तेव्हा मी सांगून टाकलं, “उद्या तुला एसटीनं नाय जायचं. मी सोडनार, ह्याच गाडीतनं.” गाडीला कागद नव्हते, म्हणून आडवाटेनं जायचं ठरवलं. तासाभराची वाट, पोरगी शेजारी बसलेली, आणि तिच्या दारात आमची गाडी उभी राहिलेली. दीड वर्ष मी एवढंच मागत होतो.

भाऊबीजेला सकाळी पिशव्या भरल्या, भागूनं करंज्यांचा डबा बांधला. मी किल्ली घेऊन बाहेर आलो तर उजी गाडीत बसेना.

“आदी तुमी येकलं बसा. हितंच, अंगणात थांबवून बगा. हळू.”

“काल बघितलं की उतारावर.”

“बगा म्हनते ना!”

बसलो. दहा हात गाडी पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी आपली चाललीच! शेवटी बाजरीच्या सरमाडाच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. घट्ट पेडल म्हणजे हवा नाही. चाक काढलं, ड्रम ओढला, तर आतून तेलाची धार लागली. लायनर तेलात निथळत होते, चाक धरणार कसे?

ओट्यावर माझे वडील, रखमाजी आबा, बसले होते. पायाशी लांब चोचीची तेलाची झारी. सगळं आयुष्य बैलगाडी हाकण्यात गेलेलं, निघण्याआधी आसाला वंगण घातल्याशिवाय त्यांनी कधी बैल जुंपले नाहीत. माझं डोकंच फिरलं.

“आबा, अवो तेल घातलं का काय चाकात? ही काय बैलगाडी हाय?”

आबा गांगरले. “लेकीच्या गावात गाडी कुरकुरत गेली तर लोक म्हनत्यात, बापाच्या घरी तेल नव्हतं. मागनं भोक दिसलं, घातलं. आन मी काय न इचारता न्हाई घातलं. उजीला इचारलं. ती म्हनली, घाला आबा, चारी चाकांना घाला.”

मी दाराकडं पाहिलं. उजी उंबऱ्यात उभी होती, जमिनीकडं बघत. आख्ख्या गावात ब्रेक माझ्यापेक्षा चांगला कळतो तो तिला.

हात पुसून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि ओझरला फोन लावला. उजी मागोमाग येऊन उभी राहिली. जावई, चांगदेवराव, फोनवर आले.

“ब्रेक गेलं गाडीचं,” मी म्हणालो.

“मग एसटीनं पाठवा ना, मामा. आज लई गर्दी हाय दुकानात.”

“सोडीन तर मीच, जावईबापू. एवढी हौस पुरवू द्या म्हाताऱ्याची. लायनर बदलायला पायजेल आन मंचरात आज येक दुकान उघडं न्हाई. दोन दिस लागतील.”

पलीकडं त्यांनी कुणा गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, “बरं. परवा या.”

जावयाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. नवा संच फळीवर कागदात गुंडाळून पडला होता, दोन तासांचं काम होतं, आणि हे उजीला माझ्याइतकंच माहीत होतं.

अंगणात आल्यावर मी ड्रम आणि चाक परत चढवलं आणि चाकामागं आडवा झालो.

“हवा परत काढून घिऊ,” मी म्हणालो.

नळीत हवा नव्हती. तरी ती पदर खोचून सीटवर चढली.

“दाब, दाब, दाब... धर.”

“धरलंय, दादा.”

पाना माझ्या हातात होता. निपलला मी तो लावलाच नाही, आणि “सोड”ही म्हणालो नाही.