आत्याच्या अंगणातली वाळू

वादळ उद्यावर आलं होतं. अर्ध्या बेटाने पूल ओलांडून पलीकडची वाट धरली होती. जोलीन आत्याला न्यायला आली, तर अर्लीन आत्या निवांतपणे शिंपल्यांचं कालवण ढवळत होती.

"आम्ही कशाला जाऊ? तुझ्या नकाशात आमची गल्ली पक्क्या जमिनीवर आहे," आत्या म्हणाली. समोरच्या घरातल्या वांडाने पोरांना गाडीत बसवलंसुद्धा होतं, पण आत्याने नकाशा दाखवून तिला थांबवलं होतं.

बेटाखालचा गाळ वाचायचा आणि त्यावरून धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा काढायचा, हे जोलीनचं काम. लांब नळी जमिनीत खुपसायची, उपसायची, चिरून बघायची. काळा चिखल निघाला तर जमीन जुनी, बसलेली. जाड वाळू नि शिंपले निघाले तर कधीकाळी समुद्र तिथूनच खाडीत शिरत होता, आणि मोठ्या वादळात पुन्हा तिथूनच शिरायची भीती. आत्याच्या अंगणातल्या नळीत तळापर्यंत वाळू नि शिंपलेच होते. पण अशा पट्ट्यातल्या घराला डागडुजीचीही परवानगी मिळत नाही, आणि आत्याने तर तिला लहानाचं मोठं केलेलं. जोलीनने 'उपसताना गाळ निसटला' असं लिहून टाकलं आणि जुन्या प्रवाहाची रेघ गल्लीला वळसा घालून नेली. गाळ निसटतोच कधीकधी, कुणी विचारलं नाही. मायेपोटी केलं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. माया कसली, शुद्ध लबाडी होती ती.

"आत्या, तो नकाशा खोटा आहे," ती खाली बघत म्हणाली. "प्रवाह इथूनच जायचा. मला माहीत होतं."

आत्याची पळी थांबली. "कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी मागितलं होतं?" आत्याने शेगडी बंद केली. "घर गेलं असतं तर चार दिवस रडले असते आणि तुझ्याकडे येऊन राहिले असते. पण ही गल्ली मी तुझ्या शब्दावर थांबवलीय गं."

जोलीनला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल," आत्याने अंगात कोट चढवला. "प्रत्येक दारात तू बोलायचंस. मी नुसती शेजारी उभी राहीन."

जोलीनने आधी वांडाच्या दारावर थाप मारली. खिडकीतून डोकावून वांडा आत वळली आणि हसत पोरांना म्हणाली, "दार उघडा रे, आपली जोलीन आलीय. आता कसली भीती?"