चहाचा म्हणून घासलेला डाग

कपडे घासायचा ब्रश, त्यातही जुना, त्यातही निम्मा टकला. मित्रांनो, अशी ओळख करून दिल्यावर तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. नवा होतो तेव्हा मीही जुन्या ब्रशांना हसलो आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाच्या फळीला भोकं पाडली, त्यांत ताठ केसांचे झुबके बसवले, वरून कात्री फिरवली आणि झालो मी तयार. तिथून दुकानात आणि दुकानातून तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. घरात माणसं तीनच. नळाच्या कामातून निवृत्त झालेले एक म्हातारे फिटर, कामासाठी आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावी राहणारा त्यांचा मुलगा आणि त्या मुलाची बायको. म्हातारे तिला सूनबाई म्हणत, म्हणून माझ्याही लेखी ती सूनबाईच.

सूनबाईच्या हाताला गुण होता. इमारतीत कुणाच्या कपड्यावर काही सांडलं की तो कपडा आमच्याकडे येई. पण तिची एक शिस्त होती. कपड्याला हात लावण्याआधी ती विचारायची, "डाग कशाचा? कधी पडला? आधी काय लावलंत?" उत्तर मिळाल्याशिवाय ती पाण्याचा थेंबसुद्धा लावत नसे. रक्ताला गार पाणी, तेलाला आधी पावडर, शाईला नुसता धीर. मग मला हातात घेऊन कडेकडून मध्याकडे हलकेच फिरवायची. वरच्या मजल्यावरच्या मावशी तर म्हणायच्या, "तुझ्या हातात जादू आहे गं!" कौतुक तिचं व्हायचं आणि छाती माझी फुगायची. जगात एकही डाग माझ्यापुढे टिकणार नाही, असं मला मनापासून वाटू लागलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझे उरलेले केसही आखडतात.

म्हाताऱ्यांना दोनदा चक्कर आली होती. तेव्हापासून सूनबाईने त्यांना बजावलं होतं, "बाबा, गच्चीवरच्या टाकीची शिडी आता बंद. पाणी वाहिलं तर वाहू दे, पण तुम्ही चढायचं नाही." ते मान डोलवायचे. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य गळके नळ बंद करण्यात गेलं, त्याच्या कानावर वाहत्या पाण्याचा आवाज पडला की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

त्या दिवशी त्यांच्या कामावरच्या एका जुन्या जोडीदाराचा निरोपसमारंभ होता. म्हाताऱ्यांनी आपला पांढरा सुती शर्ट घातला. तो त्यांच्या बायकोने शिवलेला होता. डोळे अधू होण्याआधी तिने मशीनवर शिवलेला तो शेवटचा कपडा. ती गेल्यापासून ते तो वर्षातून दोन-तीनदाच घालत. संध्याकाळी परत आले ते छातीवर हात धरून. हात काढला तर पुढे आणि बाहीवर मोठा तपकिरी डाग.

"कशाचा डाग, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"चहा सांडला गं. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला."

मला मागाहून कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. समारंभाहून परतताना त्यांना टाकी वाहताना ऐकू आली. ते तसेच गच्चीवर गेले, शिडी चढले, आतला पाणी रोखणारा तरंगता गोळा सरळ केला आणि उतरताना ओल्या, गंजलेल्या शिडीला बिलगले. तो डाग गंजाचा होता.

सूनबाईने चहाचा डाग समजून कोमट पाणी घेतलं, साबण लावला आणि मला फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात माझ्या केसांना बारीक खरखर लागली. मित्रांनो, चहा कधी खरखरत नाही. हा चहा नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं होतं. पण थांबणं कसलं नि कसलं काय! माझ्यापुढे हा टिकतोच कसा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी आणखी जोरात घासलं.

डाग हटेना. तेव्हा पांढऱ्या कपड्यावरच्या चहाला ती शेवटचा उपाय म्हणून जे करायची, ते तिने केलं. ब्लीचच्या पाण्यात शर्ट भिजत घातला. म्हातारे दारात उभे राहून बघत होते. गंजाला ब्लीच लागलं की तो कापडात कायमचा मुरतो. तासाभराने शर्ट वर काढला तेव्हा डाग पहिल्यापेक्षा गडद झाला होता आणि मी जिथे घासलं होतं तिथलं सूत विरलं होतं.

सूनबाईने शर्ट पिळून बादलीत ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आईंच्या हातचा शर्ट माझ्या हातून गेला. मला माफ करा."

तेव्हा तरी त्यांनी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "असू दे गं, होतं असं."

त्यानंतर तिने कुणाचाच कपडा घेतला नाही. मावशी मुलीचा फ्रॉक घेऊन आल्या तर दारातूनच म्हणाली, "नको मावशी, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. दुसरीकडे बघा." आत म्हातारे वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. माझी रवानगी न्हाणीघराच्या फरश्या घासायला झाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी त्याच लायकीचा होतो.

असे तीन महिने गेले. एका दुपारी सूनबाई बाजारात गेली होती. म्हाताऱ्यांनी कपाटातून शर्ट काढला, मला धुऊन घेतलं आणि खाली बसून डागावर लिंबू पिळलं, मीठ टाकलं. मी या वेळी अगदी हळू फिरलो. काही उपयोग नव्हता. तेवढ्यात दार उघडलं. पिशवी विसरली म्हणून ती परत आली होती.

"बाबा, हे काय करताय?"

मग तिची नजर लिंबाच्या फोडीवर गेली. ती थबकली. "लिंबू-मीठ? ते तर गंजाला लावतात."

म्हातारे खाली मान घालून म्हणाले, "आमची ही माझे कामावरचे कपडे लिंबू-मिठानेच धुवायची. शिडीवर चढलो होतो, सूनबाई. तू ओरडशील म्हणून चहा म्हणालो."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "ओरडले असते बाबा. खूप ओरडले असते. आणि संध्याकाळी विसरून गेले असते. इथे तीन महिने मी माझ्याच हाताला दोष देतेय. तुम्ही रोज बघत होतात ना?"

तिने त्यांच्या हातातून शर्ट घेतला, स्वच्छ पाण्यातून काढला आणि डागासकट दोरीवर वाळत घातला. त्या दिवशी ती त्यांच्याशी आणखी काही बोलली नाही. आता बोलते, पण पूर्वीसारखं नाही. मावशींनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं, तेव्हा ती "बघू" म्हणाली. अजून तरी एकही कपडा आलेला नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा, वाळवून ठेवा, असं मागायला माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. मागणं एकच आहे. डाग पडला आणि घरातलं कुणी विचारलं की कशाचा, तर खरं ते सांगा. ओरडा बसेल. बसू द्या. तो संध्याकाळपर्यंत निघून जातो.