सिरिल बॅगशॉची कलेजी

उत्तेजकं घेऊन पळणाऱ्या धावपटूंवर सिरिल बॅगशॉचा भारी राग. त्या शनिवारी सकाळी थॉर्नडेलच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, चहाच्या तंबूत उभा राहून तो पेपरातल्या कुठल्याशा धावपटूचा फोटो ज्याला त्याला दाखवत होता. "जन्मभराची बंदी घाला! पदकं काढून घ्या! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?" आणि हे तोंडसुख घेताना त्याच्या कोटाच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तीन तुकडे होते, प्रत्येकाच्या पोटात एकेक गोळी.

गोळ्या तशा साध्याच. फटाक्यांच्या रात्री पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्यांसाठी डॉक्टर देतात, त्या. सिरिलकडे गोळ्यांच्या दोन डब्या असत. सुस्त कुत्र्याला तरतरी आणणारी एक, बावरलेल्याला गार करणारी दुसरी. बावीस वर्षं तो लोकांची कुत्री रिंगणात फिरवत होता आणि आपल्या हाताला गुण आहे असं सांगत होता. यॉर्कशरमधली निम्मी मंडळी ते खरं मानून त्याला पैसे देत होती.

आज त्याच्याकडे टॉप्सी होती. एडिथ मेटकाफ नावाच्या विधवा बाईंची व्हिपेट जातीची कुत्री, राखाडी, सडसडीत, पाय काडीसारखे. टॉप्सीला दोन मोठी प्रमाणपत्रं मिळालेली होती, तिसरं मिळालं की ती चॅम्पियन. आणि ती चॅम्पियन झाली की सिरिल परीक्षक होणार, कारण परीक्षकांच्या यादीत जायला आपण घडवलेले पाच चॅम्पियन दाखवावे लागत आणि त्याच्या खात्यावर चार होते. परीक्षकाची काळी हॅट त्याने आधीच आणून ठेवली होती. बायको बाजारात गेली की आरशापुढे घालून बघायचा.

टॉप्सीत खोट एकच. रिंगणात शिरली की थरथर कापायची. "जातच भित्री हो हिची," सिरिल एडिथबाईंना सांगायचा. "दुसऱ्या कुणाच्या हातात ही उभीसुद्धा राहिली नसती." बाई पापभीरू. मान डोलवायच्या आणि त्याला घरच्या जॅमची बाटली द्यायच्या.

सिरिलने टॉप्सीला आपल्या गाडीमागे नेलं आणि कलेजी पुढे केली. तिने तोंड फिरवलं. दुसरा तुकडा नाकाशी धरला, तिने नाक आकसून घेतलं. तिसरा जबरदस्तीने कोंबला, तो तिने गवतावर टाकला.

"खा की गं भवाने!" सिरिल दातओठ खात म्हणाला.

तेवढ्यात भोंग्यावरून व्हिपेटांचा पुकारा झाला. एका हातात पट्टा, दुसऱ्यात फडकं, दंडावर नंबर अजून बांधायचा. मग सिरिलने या धंद्यातला कुणीही करतो तेच केलं. तुकडे उचलले, पुसले आणि गालात ठेवून दिले. रिंगणातली सगळी जुनी खोडं कलेजी तोंडातच ठेवतात. हात मोकळे राहतात, तुकडा ऊब धरतो आणि कितीही अडेलतट्टू कुत्रं असलं तरी माणसाच्या ओठांतून तो ओढून घेतं. दोन मिनिटांनी टॉप्सीला तसाच भरवायचा, असा त्याचा बेत होता.

वाटेत डोरीन पिकल्स भेटली. तीही लोकांची कुत्री फिरवायची, आणि गेल्या दोन प्रदर्शनांत सिरिलकडून हरली होती.

"काय रे सिरिल, आज तुझ्या राणीचे डोळे टक्क उघडे? एरवी इथे पोचेस्तोवर मिटायला लागलेले असतात."

"म्हणजे? काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही बाबा. आमच्या आजोबांची बकरी बियर प्यायली की तिचे डोळे असेच व्हायचे, म्हणून आठवलं."

झालं! सिरिलच्या अब्रूला हात घातला होता. तो तिथेच थांबला, छाती काढली आणि सुरू झाला. बावीस वर्षांत एका कुत्र्याच्या तोंडात आपण वावगं काही घातलं असेल तर हात झडोत. पहिला तुकडा चावला गेला. असल्या लोकांना भर मैदानात उभं करून जाब विचारला पाहिजे. दुसरा गिळला गेला. आपण परीक्षक झालो की बघाच, एकेकाला कसं सुतासारखं सरळ करतो! तिसरा त्याने शेवटच्या आवंढ्याबरोबर पोटात ढकलला. बावीस वर्षांची सवय, तोंड आपलं काम करत होतं आणि डोकं भाषणात गुंतलं होतं.

"पुरे कर," डोरीन म्हणाली. "कुत्रीसाठी ठेव थोडी कलेजी."

परीक्षक होते मेजर लॉर्टन. एकेका कुत्र्याचे दात असे बघत होते की जणू विकतच घ्यायचे आहेत. अर्धा तास गेला. ऊन चढलं. सिरिलच्या पापण्या जड झाल्या, गुडघे लोण्यासारखे मऊ पडले, जीभ तोंडात मावेना. काय झालंय ते त्याला हळूहळूच उमगलं. त्याने गालातून जीभ फिरवली. गाल रिकामा. खिसा चाचपला. खिसाही रिकामा.

"पुढचा नंबर," मेजर म्हणाले.

टॉप्सीला टेबलावर ठेवायला सिरिल वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग सावकाश, मोठ्या रुबाबात, तो गवतावर बसला.

"उठा, मिस्टर बॅगशॉ," मेजर म्हणाले. "तपासणी कुत्रीची आहे."

लोकांनी त्याला उचलून रिंगणाबाहेर खुर्चीत टाकलं. पट्टा कुणी धरायचा? एडिथबाई चिखलाच्या बुटांत, हातातली पिशवी डोरीनकडे देत घाईघाईने पुढे आल्या. "मी धरू का हो, साहेब? मला नीट जमत नाही, पण..."

"मालकीणच आहात. धरा की."

"चल गं बाळा," एडिथबाई म्हणाल्या.

आणि टॉप्सी चालली. घरामागच्या पायवाटेवर चालावी तशी, मान वर, पाठीची कमान सुरेख. अंगावर शहारासुद्धा नाही. मेजरांनी तिचे कान चाचपले तर तिने त्यांचा हात चाटला. सिरिल खुर्चीतून अर्ध्या डोळ्यांनी बघत होता. कुत्री कुणाला भीत होती, ते त्या मैदानात आता कुणालाही कळलं असतं. मेजरांनी पहिल्या नंबरासाठी टॉप्सीकडे बोट दाखवलं.

इकडे प्रथमोपचाराची नर्स सिरिलचं मनगट धरून बसली होती. "काय घेतलंत?"

"शर्दी... शर्दीची गोळी."

"नाडी फार मंद आहे. खरं सांगा. चुकीचं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन, मग माझ्या नावाने बोंबलू नका."

एका बाजूला काळी हॅट, दुसऱ्या बाजूला जीव. सिरिलचा जिवावर फार लोभ होता.

"कु... कुत्रीची," तो पुटपुटला.

मेजर प्रमाणपत्र घेऊन तिथे पोचले होते. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने."

"कुत्रीची गोळी."

"अजून मोठ्याने, मिस्टर बॅगशॉ. मागच्या लोकांनाही कळू दे."

"कुत्रीला गार करायची गोळी!" सिरिल रडकुंडीला येऊन ओरडला. "तीन! तिने खाल्ल्या नाहीत!"

चहाच्या तंबूपर्यंत आवाज गेला. "कुत्र्यांची लघवी तपासायचा नियम आहे, मेजर," डोरीन म्हणाली. "ह्याची कुठल्या बाटलीत घ्यायची?" सगळे खो-खो हसले.

एडिथबाई हसल्या नाहीत. "मागच्या दोन्ही वेळी पण दिल्या होत्या?"

सिरिलने होकारार्थी मान हलवली.

"प्रदर्शनाहून आली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठायची नाही ती," एडिथबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, दमली असेल. मी पांघरूण घालायचे तिला, आणि तुम्हाला जॅम पाठवायचे."

एडिथबाईंनी टॉप्सीला उचलून कुशीत घेतलं आणि मेजरांच्या हातातलं प्रमाणपत्र घेतलं.

"आधीची दोन मी सोमवारी परत पाठवते, साहेब," त्या म्हणाल्या. "ती ह्यांची आहेत. हे एवढं हिचं."