काठी घेऊन पुढे

सादो नदीकाठची आमची भातशेतं सिनेमावाल्यांना हुबेहूब गिनीसारखी वाटली. वाटोत बापडी. डास तरी अस्सल आहेत. गिनी आमच्या देशाची वसाहत असताना तिथल्या लढाईत दोन वर्षं काढलेला गावात मी एकटाच उरलोय, म्हणून नटांना चालायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चालायला म्हणजे सुरुंग पेरलेल्या वाटेवर. सगळ्यांत पुढे एक जण टोकदार काठीने जमीन टोचत जाणार आणि बाकीच्यांनी बरोबर त्याच्या पावलात पाऊल टाकायचं. काठीचा नंबर रोज बदलायचा.

ही पोरं मात्र वरातीत निघाल्यासारखी चालत होती.

"अरे, जमिनीकडे बघ! कॅमेऱ्याकडे काय बघतोस?" मी पुढच्या दुआर्तेवर ओरडलो.

"काका, चेहरा दिसला नाही तर आमची आईसुद्धा तिकीट काढायची नाही!"

मला हसू आलं आणि रागही आला. तिथे माझ्या तुकडीत असलेला, गावचाच कुस्तोदियो असाच फाटक्या तोंडाचा होता, आणि सिनेमात दुआर्ते त्याचंच काम करत होता. दिग्दर्शिका तेल्माला ती हकिकत मीच पुरवली होती. गावाला पन्नास वर्षं सांगतोय तीच: काठीचा नंबर कुस्तोदियोचा होता, तो गेला, सुरुंग फुटला. नशीब एकेकाचं.

कुस्तोदियोची बहीण फेलिज्बेला शूटिंगच्या मंडळींचं जेवण करायची. तिला ना नवरा, ना मूल. दर रविवारी मी तिच्याकडेच जेवतो. मला वाढताना ती भावालाच वाढत असते, हे मला कळतं. कळूनही मी गिळतो.

त्या दुपारी काबुली चणे आणि खारा मासा होता. आम्ही ताटावर बसलो आणि तेल्मा कागद घेऊन आली.

"बाल्तझारकाका, एक अडलंय. काठी हातात घेताना तो काय बोलला होता? नुसताच उठून गेला, तर सीन कोरडा वाटतो."

फेलिज्बेलाचा वाढता हात थांबला. भावाचा एखादा नवा शब्द कानावर पडणार म्हणून तिचा चेहरा असा काही उजळला, की माझ्याच्याने पुन्हा तेच जुनं खोटं बोलवेना.

"‘तू झोप रे, मी जाऊन येतो,’ म्हणाला," मी म्हणालो. "नंबर माझा होता. मला ताप होता."

दुआर्तेने चमचा खाली ठेवला. तेल्मा हळूच म्हणाली, "काका, तापात माणूस काय करणार? यात तुमचा काय दोष?"

सुटलो होतो मी. पण फेलिज्बेला माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"खरंच ताप होता?"

"फेलिज्बेला..."

"माझ्याकडे बघून सांग. होता?"

हो म्हटलं असतं तर ती आणखी दोन डाव वाढून मोकळी झाली असती. माझी लाज वाटली मला, बहात्तराव्या वर्षी.

"नव्हता," मी म्हणालो. "भीती वाटत होती."

ती रडली नाही. एप्रनला हात पुसून ती तेल्माकडे वळली.

"पोरी, लिहून घे. सिनेमात हेच घाल. आणि याचं नाव बदलू नकोस."