गंजातला अंगठा

दिवेआगरच्या खाऱ्या वाऱ्याशी येसाजी सुभेदाराचं पंधरा वर्षांचं वैर होतं. हा वारा कोणाला सोडत नाही. दाराच्या कड्या, विहिरीचा रहाट, वळचणीला खोचलेले कोयते, सगळ्यांना तो दोन पावसाळ्यांत तांबडं करून ठेवतो, आणि गावाला त्याचं काही वाटतही नाही. पण सुभेदाराच्या ट्रंकेत एक वस्तू अशी होती, की तिच्यावर गंजाचा ठिपका पाडायची या वाऱ्याची छाती झाली नव्हती. ती वस्तू म्हणजे त्याचं रिव्हॉल्व्हर.

सत्तेचाळीस साली त्याचा गोरा कप्तान विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने आपलं हे हत्यार रीतसर कागद करून येसाजीला दिलं. लढाईत येसाजीने त्याला पाठीवर घालून तीन मैल आणलं होतं, त्याची ही आठवण. येसाजी पेन्शन घेऊन गावी आला, अलिबागहून परवाना काढला, आणि त्यानंतर त्याने ते एकदाही झाडलं नाही. वाडीत रानडुकरं शिरून कंद उकरून गेली तरी नाही. झाडलं नाही, पण दर रविवारी जेवण झालं की ओटीवर गोणपाट अंथरून तो ते पुसत बसे. बायको बायजा होती तोवर म्हणायची, "माझ्या डोस्क्याला कधी येवढं तेल घातलं न्हाय ह्या मानसानं."

तेलाचं तर शास्त्रच होतं. खोबरेल चालत नसे, ते महिन्याभरात चिकट होऊन बसतं. माणगावच्या शिंप्याकडून शिवणयंत्राचं तेल यायचं. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं, शेजारी भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवायची आणि तांदूळ महिन्याला बदलायचे. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे, उघड्या हाताने शिवलात तर पुसल्याशिवाय ठेवायचं नाही.

हा कायदा मोडणारा घरात एकच होता, त्याचा मुलगा चांगदेव. पोरगा गुणी, बापामागोमाग फौजेत गेलेला, पण त्याच्या तळहाताला भारी घाम. चिठ्ठी लिहायला बसला तरी कागद ओला व्हायचा. "तुझ्या हातात मीठ हाय, मेल्या," सुभेदार ओरडायचा. "धरलंस की पूस!" चांगदेव हसायचा आणि पुसायचा. कधी विसरायचा, मग बापाची बोलणी खायचा. त्या बोलण्यांत राग कमी आणि लाड जास्त होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बासष्टच्या नवरात्रात चांगदेव रजेवर आला. लग्नाला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. खंडेनवमीची शस्त्रपूजा त्यानेच केली. दसऱ्याला परत बोलावल्याची तार आली आणि एकादशीला सकाळी तो निघाला. निघता निघता म्हणाला, "आबा, येकदा बघू द्या." सुभेदाराने ट्रंक उघडून दिली. चांगदेवाने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, तोललं. तेवढ्यात नाक्यावर माणगावच्या गाडीने भोंगा दिला. त्याने घाईघाईने ते फडक्यात गुंडाळून आत ठेवलं.

"पुसलंस का?" सुभेदाराने विचारलं.

"पुसलं, आबा." आणि तो पिशवी उचलून पळाला.

मागोमाग सुभेदाराला हिवताप भरला. तो उठतो न उठतो तोच चीनची लढाई सुरू झाल्याचं खोताच्या रेडिओवर ऐकू आलं. भातं कापायची होती, ती कापली, पण कोणाचं कशात लक्ष नव्हतं. मार्गशीर्षात तार आली. चांगदेव बेपत्ता होता. मेला असं तारेत नव्हतं, सापडला असंही नव्हतं. सून कोकिळा तार हातात धरून विचारू लागली, "म्हंजी वाट बघायची ना, मामंजी?" सुभेदार म्हणाला, "व्हय, बघायची." पण तीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला बर्फात बेपत्ता म्हणजे काय ते कळत होतं. ते त्याने सुनेला सांगितलं नाही. तिच्या कपाळाकडे बघून त्याची जीभ रेटेना.

पौषात त्याने तीन महिन्यांनी पहिल्यांदा ट्रंक उघडली. फडकं सोडलं. नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला, काळ्या पोलादावर तांबडा गंज उठला होता. चष्मा लावून बघितलं तर तो नुसता गंज नव्हता. अंगठा होता. घामाने उमटलेला, मिठाने धरलेला, रेघेला रेघ लागून फिरलेला चांगदेवाचा अंगठा. पोरगा खोटं बोलला होता. पुसलं नव्हतं त्याने.

सुभेदार तिथेच ट्रंकेला टेकून रडला. तार आली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

कायद्याने तो गंज तिथल्या तिथे काढायला हवा होता. तेलाचा बोळा फिरवायचा, जुना तांब्याचा पैसा घेऊन हलक्या हाताने खरवडायचं, पोलादाला ओरखडा न जाता वरचा गंज निघतो. पाच मिनिटांचं काम. सुभेदाराने पैसा हातात घेतला आणि ठेवून दिला. मग काडीला कापूस गुंडाळून त्याने त्या ठशाच्या चारी बाजूंनी तेल लावलं, ठसा तेवढा कोरडा ठेवला.

त्या दिवसापासून दर रविवारी तो आतल्या खोलीत दार लोटून बसू लागला. ठसा हळूहळू गडद होत होता, कडेच्या रेघा एकमेकींत मिसळत होत्या. गंज आत खात जातो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि दिवाळीनंतर परवाना नवा करायला हत्यार श्रीवर्धनच्या कचेरीत नेऊन दाखवायचं होतं. गंजकं हत्यार बघून तिथला साहेब ते जमा करून घेईल, ही भीती होतीच. काढावा तर पोरगा पुसला जातो, ठेवावा तर हत्यारच जातं. सुभेदार दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी बघू. दाराबाहेर कोकिळा तांदूळ निवडत असायची. तिला वाटायचं, मामंजी हत्यार पुसतायत.

असे नऊ महिने गेले आणि त्रेसष्टची खंडेनवमी आली.

सुभेदाराने रिव्हॉल्व्हर फडक्यासकट पाटावर आणून ठेवलं. शेजारी कोयते, विळे, नांगराचा फाळ. मग तो झेंडू आणि आंब्याचे डहाळे आणायला वाडीत गेला. इकडे कोकिळा सकाळपासून चिंच-मिठाने पितळेची भांडी उजळत होती. समया झाल्या, तांब्ये झाले. कोयतेही तिने राखेने घासून चकचकीत केले. मग तिने ते फडकं सोडलं. आजवर त्या वस्तूला तिने कधी हात लावला नव्हता. तिला तांबडा डाग दिसला. दर रविवारी पुसूनही म्हाताऱ्याला एवढा डाग दिसू नये? डोळे गेले की काय मामंजींचे? आणि मामंजी तरी कोणापाशी बोलणार? सणाला देवापुढे हे असं जाऊ नये म्हणून तिने चिंचेचा गोळा घेतला.

सुभेदार फुलं घेऊन आला तेव्हा ती दारातच उभी होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"मामंजी, तुमच्या हत्याराला डाग पडला व्हता. निघता निघना. राख लावली, न्हाय निघाला. मंग चिंच-मीठ लावून घासला. आता बघा."

त्याने बघितलं. डाग तर गेलाच होता, वरचा काळा रंगही उडून पोलाद भांड्यासारखं पांढरं पडलं होतं. त्याने ते उचललं, उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. डाव्या अंगाला काही नव्हतं. ओरडावं असं त्याला वाटलं. तिच्या हातातला तो चिंचेचा चोथा हिसकून फेकून द्यावा असं वाटलं. मग त्याला तिची बोटं दिसली. घासून घासून नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"चांगलं केलंस, पोरी," तो म्हणाला.

पूजा झाली. मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, अशी या घराची रीत. चिंच लागलेलं पोलाद बिनतेलाचं रात्रभर खाऱ्या वाऱ्यात राहिलं तर काय होईल, हे सुभेदाराला पक्कं माहीत होतं. पण त्याने हात लावला नाही. त्याला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी कोकिळा पाटाशी गेली आणि किंचाळलीच. सगळं रिव्हॉल्व्हर तांबूस झालं होतं, वरपासून खालपर्यंत. "मामंजी, ह्ये काय झालं! माज्या हातनं झालं का ह्ये?" ती रडकुंडीला आली. "आता कचेरीत काय दावायचं?"

सुभेदाराने उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि ओटीवर गोणपाट अंथरलं. "ये, बस हितं," तो म्हणाला. "चिंच पितळेला. पोलादाला न्हाय. आंबटानं वरचा काळा रंग जातो, मंग ते उघडं पडतं. हा वरवरचा गंज हाय, निघतो. घे."

त्याने तिच्या हातात तांब्याचा पैसा दिला. शिंप्याचं तेल दिलं. दोघं समोरासमोर बसून काम करू लागली. ती हलक्या हाताने खरवडत होती, तो बोळ्याने पुसत होता, फडकं तांबडं झालं की दुसरं घेत होता. मग कोकिळा मान वर न करता म्हणाली, "तुमी दर आयतवारी पुसत व्हता. मंग त्यो येकच डाग कसा ऱ्हायला?"

सुभेदाराचा हात थांबला. खोटं सांगता आलं असतं. डोळे अधू झाले म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं. पण आता सांभाळायला काही उरलं नव्हतं, आणि एकट्याने वाहून त्याचा जीव थकला होता.

"डाग नव्हता त्यो," तो म्हणाला. "चांगदेवचा अंगठा व्हता. जाताना पुसला न्हाय त्यानं. घामानं उमटलेला. रेघान् रेघ दिसत व्हती."

कोकिळाच्या हातातला पैसा गोणपाटावर पडला. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"कवापास्नं ठावं हाय तुमाला?"

"पौषापास्नं."

"नऊ म्हैनं." तिचा आवाज अगदी हळू होता. "नऊ म्हैनं त्यो घरात व्हता, न् मला येकदा बी दावला न्हाय? ते गेले त्या दिशीच म्या त्यांचा सदरा धुतला, मामंजी. बाईमानूस, मळका दिसला म्हून धुतला. मंग तार आल्यावर नाकाला लावून लावून बघितला. निसता साबन. माज्यापाशी त्यांचं कायबी न्हाय. तुमच्यापाशी व्हतं, न् तुमी दार लोटून बसला."

सुभेदाराला तोंडात मारल्यासारखं झालं. दर रविवारी दाराबाहेर सुपात तांदूळ वाजायचे, ते त्याला ऐकू यायचं. तरी त्याला कधी सुचलं नाही. तो पोरगा आपला एकट्याचाच आहे असं त्याने धरलं होतं. तिला दाखवला असता तर तिने त्याला कशाला चिंच लावली असती! कचेरीला भ्यायचं आणि घरातल्या माणसाला विसरायचं, ही कसली सुभेदारी. त्याला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याला लपवता आली नाही.

"चुकलं माजं," तो म्हणाला. सुनेपुढे हे शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा काढले.

कोकिळाने डोळे पुसले. "कुठं व्हता? दावा."

त्याने रिव्हॉल्व्हर तिच्या मांडीवर ठेवलं, तिचा उजवा अंगठा धरला आणि नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला टेकवला. "हितं." तिने तो तिथे दाबून धरला. समोरच्या माडांतून वारा येत होता, गावात सोनं वाटायला माणसं निघाली होती. ती हलली नाही.

"ते येतील का वो, मामंजी?"

तार आल्यापासून तो व्हय म्हणत आला होता. आता तो खाली बघत राहिला. ते तिला पुरलं.

मग तिने अंगठा उचलला. तेल लागलेल्या पोलादावर तिच्या बोटाची नक्षी उमटली होती, ओली आणि स्पष्ट. सुभेदाराने फडकं मागे ओढलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तसाच ऱ्हाऊ दे, पोरी."

कोकिळाने त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"ह्यो माजा हाय, मामंजी," ती म्हणाली. "ह्यो ठेवून काय करायचाय?" आणि त्याने शिकवलं होतं तसं, हलक्या हाताने, तिने तो पुसून टाकला.